नेम मोडल्यानंतरचा दिवस

आषाढ शुद्ध नवमीला, म्हणजे कांदेनवमीला, आमच्या घरी कांद्याची भजी, भरली वांगी आणि थालीपीठ असा बेत असायचा. दोन दिवसांनी एकादशी आली की आजी चातुर्मासाचा नेम धरायची. कांदा, लसूण, वांगे बंद हे तर ठरलेलेच. पण त्याशिवाय दरवर्षी एक वेगळा नेम असे, आणि तो एकच असे. एका वर्षी तिने रोज ज्ञानेश्वरीच्या वीस ओव्या वाचायचे ठरवले. दुपारची भांडी झाली, ओटा पुसला, की ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पाट टाकून बसायची. भाद्रपदात तिला ताप आला आणि तीन दिवस पोथी उघडलीच गेली नाही. मी तेव्हा दहा-अकरा वर्षांची होते. मला वाटले, मोडला नेम, आता संपले. चौथ्या दिवशी ती पुन्हा पाटावर बसली आणि मोरपीस ठेवलेले पान तिने उघडले. मी विचारले, "आजी, तुझा नेम मोडला ना गं?" ती म्हणाली, "मोडला. पण पोथी कुठे पळून गेलीय? राहिलं तिथनं पुढं वाचायचं."

रोजच्या सवयी हा आज मोठा विषय झाला आहे. पहाटे पाचला उठा, दहा हजार पावले चाला, २१ दिवसांत सवय लावा, अशा सल्ल्यांचा सगळीकडून मारा होतो. त्यात काही खरे आहे, काही अर्धवट आहे आणि काही साफ चुकीचे आहे. आपल्या परंपरेत याविषयी काय सांगितले आहे, विज्ञानाने गेल्या काही दशकांत काय तपासले, आपल्या देशाच्या आरोग्याचे आकडे काय म्हणतात आणि हे सगळे आपल्या घरात कसे बसते, याचा हा आढावा. तो घेताना मी पुन्हा पुन्हा आजीच्या त्या चौथ्या दिवसापाशी येऊन थांबले.

जुनी दिनचर्या

'दिनचर्या' हा शब्द आपल्याला आयुर्वेदाने दिला. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात सूत्रस्थानाचा दुसरा अध्यायच त्या नावाचा आहे. पहाटे उठणे, दात घासणे, अंगाला तेल लावणे, व्यायाम, स्नान असा दिवसाचा क्रम त्यात लावून दिला आहे. वाचताना दोन गोष्टी ठळकपणे जाणवतात. पहिली अशी, की कामे एकामागून एक ओवलेली आहेत. एक संपले की दुसरे आपोआप समोर येते. दुसरी अशी, की व्यायाम ताकदीच्या निम्म्यापर्यंतच करावा असे बजावले आहे आणि अति व्यायामाचे दुष्परिणामही मोजून सांगितले आहेत. आज जिममध्ये पहिल्याच दिवशी अंग मोडेपर्यंत व्यायाम करून तिसऱ्या दिवशी अंथरुणाला खिळणाऱ्यांनी हे जरूर वाचावे.

चरकसंहिता आणखी पुढे जाते. सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात वाईट सवय कशी सोडावी आणि चांगली कशी लावावी याची रीतच दिली आहे. अंगवळणी पडलेली अपायकारक गोष्ट एकदम तोडू नये. पाव-पाव हिश्शाने कमी करावी, मध्ये दिवसांचे अंतर ठेवावे आणि तेवढ्याच हिश्शाने हितकारक गोष्ट वाढवत न्यावी. अशा क्रमाने गेलेले दोष परत येत नाहीत आणि अशा क्रमाने आलेले गुण ढळत नाहीत, असे चरकाचे म्हणणे. सवयीने शरीराला मानवू लागलेल्या गोष्टीला आयुर्वेदात 'ओकसात्म्य' असा खास शब्दही आहे. सवय ही शरीराची घडण बदलते, ही जाणीव त्या शब्दात आहे.

अलीकडच्या काळात महाराष्ट्रात या विचाराला सामूहिक रूप मिळाले. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः रोज सूर्यनमस्कार घालत. त्यांनी संस्थानातल्या शाळांमध्ये ते रोजचे केले आणि त्यावर पुस्तकही लिहिले. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चे. लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम सुरू केले आणि योगाला प्रयोगशाळेत आणले. व्यायाम हा रोजचा असावा आणि तो सगळ्यांचा असावा, हा विचार आपल्याकडे शंभर वर्षे जुना आहे.

डोक्यात काय घडते

विल्यम जेम्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १८९० च्या आपल्या ग्रंथात सवयीवर एक अख्खे प्रकरण लिहिले. रोजची कामे जितकी सवयीच्या हवाली करू, तितके मन मोठ्या कामांसाठी मोकळे होते, हा त्याचा मुद्दा आजही टिकून आहे. पुढे एमआयटीत अ‍ॅन ग्रेबिएल यांनी उंदरांना चक्रव्यूहातून धावायला शिकवले आणि त्यांच्या मेंदूतल्या पेशींच्या हालचाली टिपल्या. सुरुवातीला संपूर्ण धावभर पेशी जाग्या असत. वाट अंगवळणी पडल्यावर धावण्याच्या सुरुवातीला आणि शेवटी तेवढी हालचाल दिसू लागली. मधला भाग एकसंध होऊन गेला. आपण पोळी लाटताना किंवा स्कूटर चालवताना नेमके हेच अनुभवतो. हात चालू असतात, मन दुसरीकडे असते.

वेंडी वूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना दर तासाला वहीत लिहायला सांगितले की या घडीला तुम्ही काय करत आहात आणि मनात काय चालू आहे. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सुमारे ४३ टक्के कृती सवयीने होत असल्याचे दिसले. त्याच वूड यांचा २०११ चा पॉपकॉर्नचा प्रयोग मला फार बोलका वाटतो. चित्रपटगृहात प्रेक्षकांना पॉपकॉर्न दिले. काहींना ताजे, काहींना सात दिवसांचे शिळे. ज्यांना चित्रपट पाहताना पॉपकॉर्न खायची पक्की सवय होती, त्यांनी शिळेही ताज्याइतकेच खाल्ले. आवडले नाही असे सांगत होते, तरी खाल्ले. तोच खेळ चित्रपटगृहाऐवजी एका साध्या खोलीत मांडला किंवा त्यांना सवयीचा नसलेला हात वापरायला लावला, तेव्हा शिळे पॉपकॉर्न वाडग्यातच राहिले.

याचा अर्थ असा, की सवय इच्छेच्या जोरावर चालत नाही. ती जागेला, वेळेला आणि हाताशी असलेल्या वस्तूला चिकटलेली असते. संध्याकाळी चहाबरोबर फरसाणाचा डबा निघतो, कारण तो चहाच्या डब्याशेजारी ठेवलेला असतो. भूक लागली आहे का, हा प्रश्न तिथे कोणी विचारतच नाही.

किती दिवस लागतात

२१ दिवसांची गोष्ट कुठून आली? मॅक्सवेल माल्ट्झ नावाचे एक अमेरिकी प्लास्टिक सर्जन होते. शस्त्रक्रियेनंतर रुग्णांना आपल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान २१ दिवस लागतात, असे त्यांनी १९६० च्या आपल्या पुस्तकात नोंदवले. तोंडातोंडी त्यातले 'किमान' गळाले, चेहरा गळाला आणि 'कोणतीही सवय २१ दिवसांत' एवढेच उरले.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या फिलिपा लॅली यांनी हा प्रश्न नीट तपासला. ९६ जणांनी प्रत्येकी एक छोटी कृती निवडली आणि ती ८४ दिवस रोज करायचा प्रयत्न केला. कोणी जेवणाबरोबर फळ, कोणी पाणी, कोणी रात्रीच्या जेवणाआधी पंधरा मिनिटे धावणे. कृती आपोआप व्हायला लागेपर्यंतचा मधला आकडा ६६ दिवस निघाला; पण माणसामाणसांत फरक १८ दिवसांपासून, गणिताने काढलेल्या अंदाजानुसार, २५४ दिवसांपर्यंत होता. पाणी पिण्याची सवय लवकर लागली, व्यायामाची उशिरा. २०२३ मध्ये जिमच्या आणि रुग्णालयांतल्या हात धुण्याच्या लाखो नोंदी तपासणारा एक अभ्यास आला. त्यातही हेच दिसले: हात धुण्याची सवय काही आठवड्यांत लागते, जिमला जाण्याची लागायला महिने जातात.

आषाढी ते कार्तिकी हा चातुर्मास सुमारे ११८ दिवसांचा. म्हणजे लॅली यांच्या ६६ दिवसांच्या जवळजवळ दुप्पट. ज्यांनी कोणी चार महिन्यांची ही मुदत घातली, त्यांच्यापुढे आकडेवारी नव्हती; माणसांचा अनुभव होता. नेम एकच घ्यायचा, सुरुवातीचा दिवस सगळ्यांचा एक, शेवट ठरलेला, नेम चारचौघांत सांगितलेला आणि शेवटी उद्यापन. सवय लावण्याची याहून चांगली आखणी मला आधुनिक पुस्तकांतही सापडली नाही.

लॅली यांच्या अभ्यासातली सर्वांत मोलाची ओळ मात्र फारशी सांगितली जात नाही. मध्ये एखादा दिवस चुकला, तर सवय लागण्याच्या प्रक्रियेवर त्याचा फारसा परिणाम झाला नाही.

ठरवण्यापासून करण्यापर्यंत

'उद्यापासून व्यायाम करायचा' आणि 'उद्या सकाळी दूध घेऊन आल्यावर गच्चीवर तीन सूर्यनमस्कार घालायचे' या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पीटर गोलवित्झर यांनी नव्वदच्या दशकात हा फरक मांडला: कधी, कुठे, कोणत्या कामानंतर, हे आधीच ठरवले तर काम होण्याची शक्यता कितीतरी वाढते. ब्रिटनमधल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांचे तीन गट केले. आठवड्यात एकदा तरी वीस मिनिटे व्यायाम, एवढेच उद्दिष्ट होते. पहिल्या गटातल्या ३८ टक्क्यांनी तो केला. दुसऱ्या गटाला हृदयविकाराची माहिती देऊन व्यायामाचे महत्त्व पटवले होते. त्यांच्यातल्या ३५ टक्क्यांनीच केला. तिसऱ्या गटाने माहितीबरोबरच दिवस, वेळ आणि जागा लिहून दिली होती. त्या गटात हे प्रमाण ९१ टक्के निघाले. पटणे आणि घडणे यांच्यामध्ये एक कागदाचा चिटोरा होता.

२०२१ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात अमेरिकेतला एक प्रचंड प्रयोग छापून आला. केटी मिल्कमन आणि अनेक संशोधकांनी एका जिम साखळीच्या ६१,२९३ सदस्यांवर चार आठवडे ५४ वेगवेगळ्या क्लृप्त्या तपासल्या. त्या सुरू असताना बऱ्याच क्लृप्त्यांनी जिमच्या फेऱ्या वाढवल्या. संपल्यावर परिणाम टिकवणाऱ्या अगदी थोड्या होत्या. वरच्या क्रमांकाची क्लृप्ती कोणती ठरली? एखादी फेरी चुकल्यानंतर परत येणाऱ्याला काही सेंटचे छोटेसे बक्षीस. सलग येण्यापेक्षा परत येण्याला दिलेले मोल जास्त कामाला आले. हे वाचले तेव्हा मला थेट मोरपीस आठवले.

आपले शरीर, आपले आकडे

भारतात हा प्रश्न निव्वळ व्यक्तिमत्त्व विकासाचा राहिलेला नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. त्यांनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. उच्च रक्तदाब असलेले ३१ कोटींहून अधिक. जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासानुसार २०२२ मध्ये भारतातले जवळजवळ निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नव्हते. पुरुषांत हे प्रमाण ४२ टक्के, स्त्रियांत ५७ टक्के.

'मी तर बारीक आहे, मला काय धाड भरलीय?' हा आपल्याकडचा लाडका गैरसमज. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आयुष्य याच प्रश्नाला दिले. २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो छापला गेला. दोघांचा उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक सारखाच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. वजनकाटा आपल्याला फसवतो. म्हणून बारीक माणसानेही चालायला हवे.

रोजच्या सवयींनी खरोखर फरक पडतो का, याचे उत्तर चेन्नईने दिले आहे. डॉ. ए. रामचंद्रन आणि सहकाऱ्यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ५३१ जणांचे गट करून त्यांच्यावर सुमारे तीन वर्षे लक्ष ठेवले. नेहमीचाच सल्ला मिळालेल्या गटात ५५ टक्के लोकांना मधुमेह झाला. रोज अर्धा तास भरभर चालणे, साखर आणि मैदा कमी, तेल-तूप बेताचे, भाज्या-डाळी जास्त, एवढे पाळलेल्या गटात तो ३९ टक्क्यांना झाला. औषध घेणाऱ्या गटात सुमारे ४० टक्क्यांना. म्हणजे रोजचे चालणे आणि जेवणातला साधा बदल गोळीच्या तोडीस तोड ठरला. पुढे त्याच संशोधकांनी ५३७ नोकरदार पुरुषांपैकी निम्म्यांना मोबाइलवर आहार-व्यायामाचे छोटे संदेश पाठवले. दोन वर्षांत संदेश मिळणाऱ्यांतल्या १८ टक्क्यांना मधुमेह झाला, बाकीच्यांतल्या २७ टक्क्यांना. खिशातल्या फोनची एक आठवणही शरीरापर्यंत पोहोचली.

दहा हजार पावलांचे काय? तो आकडा १९६५ मध्ये जपानात विकायला आलेल्या एका पाऊलमापकाच्या नावातून आला; जपानी नावाचा अर्थच 'दहा हजार पावले मोजणारा'. २०१९ मध्ये आय-मिन ली यांनी सरासरी ७२ वर्षांच्या साडेसोळा हजारांहून अधिक अमेरिकी स्त्रियांच्या पावलांचा अभ्यास केला. दिवसाला २,७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० पावले चालणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण बरेच कमी होते आणि सुमारे ७,५०० नंतर त्यात फारसा फरक पडत नव्हता. दहा हजार झाली नाहीत म्हणून चालणेच सोडून देणाऱ्यांना हा मोठा दिलासा आहे.

वेळ कोणाचा

सवयींच्या पुस्तकांत एक प्रश्न सहसा येत नाही: पहाटेचा तो मोकळा तास नेमका कोणाकडे आहे? केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे वेळ जात होता, पुरुषांचा ९७ मिनिटे. २०२४ च्या पाहणीत हेच आकडे २८९ आणि ८८ होते. पाच वर्षांत दहा मिनिटे! पहाटे पाचला उठणारी बाई आपल्याकडे काही थोर नवी सवय लावत नाही. ती पाणी भरते, डबे करते, मुलांना उठवते. तिला 'स्वतःसाठी सकाळचा एक तास काढा' असे सांगणे म्हणजे तिच्या कष्टांवर मीठ चोळणे आहे.

माझे चालणे चार वेळा सुरू झाले आणि चार वेळा बंद पडले. साखर सीमारेषेवर आली तेव्हा डॉक्टरांनी चालायला सांगितले. नवे बूट आणले, मोबाइलवर पावले मोजणारे अ‍ॅप घेतले. दर वेळी डब्यांच्या घाईत ते मागे पडायचे. पाचव्या वेळी दोन गोष्टी बदलल्या. घरात बोलून सकाळच्या पोळ्या नवऱ्याने करायच्या असे ठरले. पहिल्या आठवड्यात त्या जाड आणि नकाशासारख्या झाल्या. आता चांगल्या फुगतात. दुसरी गोष्ट म्हणजे खालच्या मजल्यावरच्या वहिनी. सकाळी सव्वासहाला त्या फाटकाशी येऊन मिस्ड कॉल देतात. बूट मी रात्रीच दारात काढून ठेवते. आमचे दोघींचे बोलणे संपत नाही आणि तळ्याला दोन फेऱ्या होऊन जातात. पावसाळ्यात किंवा पाहुणे आले की खंड पडतो. खंडानंतरच्या पहिल्या सकाळी पुन्हा मिस्ड कॉल येतो, आणि बाकी सगळ्यापेक्षा तो जास्त कामाचा आहे.

सोबतीची ताकद

आपल्याकडच्या टिकलेल्या सवयी पाहिल्या तर त्या सगळ्या माणसांच्या घोळक्यात टिकल्या आहेत. आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर चालणाऱ्या वारीत सत्तरीच्या म्हाताऱ्या बायका दिवे घाट चढतात. घरी त्यांना जिना चढताना धाप लागते. दिंडीत जागा ठरलेली, विसाव्याची गावे ठरलेली, सोबतीला वीणा आणि टाळ. एकटे चालायचे असते तर त्यांतल्या किती पंढरपूरला पोहोचल्या असत्या? मुंबईच्या एका बागेत १९९५ मध्ये डॉ. मदन कटारिया यांनी पाच जणांना घेऊन हास्यक्लब सुरू केला आणि तो जगभर गेला. हास्ययोगाच्या शारीरिक फायद्यांवर चर्चा होऊ शकते; पण 'आज काका आले नाहीत, बरे आहेत ना?' असे विचारणारी वीस माणसे रोज सकाळी भेटणे, हे कोणत्याही वयात औषधच आहे.

जेवणाच्या सवयींतही हेच दिसते. डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी, डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचाराचा आधार घेऊन, दिवसातून दोनदाच आणि प्रत्येक वेळी ५५ मिनिटांच्या आत जेवण्याचा सल्ला महाराष्ट्रभर पोहोचवला. ऋजुता दिवेकर यांनी थोडे थोडे, वेळेवर आणि आपल्या मातीतले खाण्याचा आग्रह धरला. दोन्ही बाजूंच्या समर्थकांत जोरदार वाद झाले. आहारशास्त्राचा निवाडा या लेखाच्या कक्षेबाहेरचा आहे. मधुमेहाची औषधे घेणाऱ्याने तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवणाच्या वेळा बदलू नयेत. पण दोन्ही सल्ले इतक्या घरांत का रुजले, हे पाहण्यासारखे आहे. दोन्हींत कॅलरी मोजायची वही नव्हती. नियम एका वाक्यात सासू सुनेला सांगू शकत होती आणि अख्खे घर तो एकत्र पाळू शकत होते.

सोडायच्या सवयी आणि वाढवायच्या सवयी

वाईट सवय सोडणे हा चांगली लावण्याचा उलटा प्रवास आहे, पण वाट जास्त खडतर. व्हिएतनाम युद्धात साधारण वीस टक्के अमेरिकी सैनिक हेरॉइनच्या आहारी गेल्याचे लक्षात आले. ली रॉबिन्स यांनी परतलेल्यांचा पाठपुरावा केला. व्यसनी झालेल्यांपैकी पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनात अडकलेले सुमारे पाच टक्केच होते. जागा, सोबत, सहज मिळणारा माल, सगळेच मागे सुटले होते. म्हणूनच व्यसनमुक्तीनंतर त्याच नाक्यावर, त्याच मित्रांत परत जाणे इतके धोक्याचे असते.

पुण्यात डॉ. अनिता ऊर्फ सुनंदा आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. व्यसनमुक्तीच्या चळवळीत 'फक्त आजचा दिवस' हे सूत्र जगभर सांगितले जाते. जन्मभर पिणार नाही ही शपथ पेलवत नाही. आज पिणार नाही, हे पेलवते. व्यसन हा आजार आहे आणि त्याला उपचार लागतात, हे विसरून चालणार नाही. पण हे सूत्र रात्री उशिरापर्यंत मोबाइल पाहणाऱ्यालाही लागू पडते. फोन कायमचा सोडायचा नाही; आज रात्री तो दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावायचा.

माणसाच्या वाढीचेही असेच. महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे मुंबईत वकिली करत होते. त्यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा पहिला खंड १९३० मध्ये आला आणि पाचवा पुरा व्हायला १९६२ उजाडले. साडेसहा हजारांहून अधिक पाने. या बत्तीस वर्षांवर ती पसरली तर दिवसाला साधारण अर्धे पान पडते. अर्धे पान कोणालाही लिहिता येईल असे वाटते. बत्तीस वर्षे अर्धे पान लिहिणारा माणूस वयाच्या ८२ व्या वर्षी ज्ञानाचा डोंगर उभा करून जातो. दुसऱ्या वर्षी त्यांना भारतरत्न मिळाले. गवयाच्या घरी पहाटेचा खर्ज असाच असतो. एका सकाळचा काही दिसत नाही, दहा वर्षांचा गळ्यात ऐकू येतो. थेंबे थेंबे तळे साचे ही म्हण आपण पैशांसाठी वापरतो. ती खरी वेळेसाठी आहे.

मग करायचे काय

एवढ्या सगळ्याचे सार काढायचे तर ते थोडक्यात असे. एका वेळी एकच नेम घ्या. तो इतका लहान ठेवा की दमलेल्या दिवशीही जमेल: बारा सूर्यनमस्कारांऐवजी तीन, पन्नास पानांऐवजी दोन. आधीच होत असलेल्या कामाच्या शेपटाला तो बांधा: चहानंतर, दिवा लावल्यावर, मुलांची बस गेल्यावर. लागणारी वस्तू समोर ठेवा, नको असलेली नजरेआड करा. घरातल्यांना सांगा आणि त्यांनी कोणते काम उचलायचे तेही ठरवा, कारण एकाच्या सवयीची किंमत बऱ्याचदा दुसऱ्याच्या वेळेतून जाते. निदान एक सोबती शोधा. आणि २१ दिवसांवर विसंबू नका. चार महिने द्या.

आपल्या परंपरेतली एक गोष्ट मात्र बदलायला हवी. नेम मोडणे म्हणजे पाप, हा धाक. त्या धाकापोटी एक दिवस चुकलेला माणूस दुसऱ्या दिवशी लाजेने तोंड फिरवतो आणि जे एका दिवसाचे होते ते कायमचे होते. नव्याचे नऊ दिवस यामुळेच नऊवर संपतात. नेम मोडणार आहे. ताप येईल, लग्नसराई येईल, बदली होईल. जो नेम मोडल्यानंतर पुन्हा धरतो, त्याचाच नेम टिकतो, हे लॅली यांच्या अभ्यासानेही सांगितले, त्या जिममधल्या प्रयोगानेही सांगितले आणि आजीला तर ते ठाऊकच होते.

त्या वर्षी कार्तिकीला तिचे वाचन पुरे झाले नव्हते. तीन दिवसांच्या साठ ओव्या राहिल्या होत्या. उद्यापनानंतर तिने त्या तीन दिवसांत वाचून काढल्या. तुमचाही एखादा नेम मागे कुठेतरी सुटला असेल. चालणे असेल, वाचन असेल, पेटी असेल, आईला रोज फोन करणे असेल. किती दिवस झाले हे मोजत बसू नका. राहिले असेल तिथून उद्या सकाळी पुढे सुरू करा.